छोटी कोंबडी, अख्खी: पुण्यातल्या घरी कॉर्निश हेन भाजण्याची सविस्तर रीत

कॉर्निश गेम हेन म्हणजे पाच आठवड्यांच्या आतली लहान कोंबडी. अमेरिकेतल्या नियमानुसार साफ केल्यावर तिचं वजन दोन पौंडांच्या, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमच्या वर असून चालत नाही. नर असो की मादी, विकतात एकाच नावाने. मूळ कॉर्निश जात एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये तयार झाली आणि तिच्यात आपल्याकडच्या झुंजीच्या असील कोंबड्याचं रक्त आहे. ब्रिटनमध्ये तिला बरीच वर्षं ‘इंडियन गेम’च म्हणत. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मकॉवस्की नावाच्या दांपत्याने ‘माणशी एक अख्खी कोंबडी’ अशा थाटात ही लहान कोंबडी विकायला काढली आणि तिचं नाव झालं.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पिंजऱ्यात बसलेली ब्रॉयलर बहुतांशी कॉर्निश नर आणि व्हाइट प्लायमाउथ रॉक मादी यांच्या संकरातूनच पुढे आलेली आहे. त्यामुळे गोठवलेल्या विलायती पाकिटाच्या शोधात दुकानं पालथी घालायची गरज नाही. लहान वयाची, लहान वजनाची ब्रॉयलर आणा, घराणं तेच. वेंकीजसारख्या देशातल्या बड्या कुक्कुटपालन कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे. या शहराला कोंबडी कमी पडायची नाही. कमी पडते ती कातडी.

आपण चिकन म्हटलं की मसाल्याचा विचार आधी करतो. इथे मसाला दुय्यम आहे. कातडी कोरडी हवी, मीठ आतपर्यंत मुरलेलं हवं आणि ओव्हन कडक तापलेला हवा. हे तीन साधलं की मसाला गोडा असो, हिरवा असो की नुसती मिरीपूड, कोंबडी उत्तमच होते.

दुकानात काय सांगायचं

पुण्यातल्या चिकनच्या दुकानात काही न सांगता उभे राहिलात तर दोन मिनिटांत कातडी उतरवून, करीचे तुकडे करून पिशवी हातात येते. म्हणून वजनकाट्याच्या आधी बोलायचं: “दादा, छोटी द्या, तंदूर साइझ. अख्खी ठेवा. कातडी काढू नका, गरम पाण्यातून काढून पिसं उपटा.” ‘तंदूर साइझ’ म्हटलं की दुकानदाराला नेमकं कळतं, कारण हॉटेलवाले तंदुरीसाठी लहानच माल उचलतात. जिवंत वजन एक किलोच्या आसपास असेल तर कातडीसकट साफ होऊन सातशे ग्रॅम, थोडं इकडेतिकडे, हातात पडते. आपल्याला तेवढीच हवी.

प्रत्येक दुकान पिसं उपटून देत नाही. त्याला गरम पाणी लागतं, वेळ जातो. रविवारी सकाळी रांग लागलेली असताना ही फर्माईश केलीत तर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी जा, नाहीतर आदल्या दिवशी फोन करून ठेवा. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटच्या बाजूला कातडीसकट चिकन मागणारी गिऱ्हाइकं पहिल्यापासून आहेत, तिथे फार समजवावं लागत नाही. गटारीच्या आठवड्यात मात्र या भानगडीत पडू नका. श्रावण लागला की दुकानं ओस पडतात. ज्यांच्याकडे श्रावण पाळत नाहीत त्यांनी तेव्हा निवांत जावं.

मान, कलेजी आणि पेटा मागून घ्या. ते आपलेच असतात, पण मागितले नाहीत तर राहून जातात.

गावरान घेऊ नका. गावरान कोंबडीची चव रश्श्यात. तिचं मांस घट्ट, शिजायला वेळ लागतो आणि ओव्हनच्या कोरड्या आचेत ते चिवट होऊन बसतं.

गोठवलेलीच मिळाली तर पाकिटासकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चोवीस तास ठेवा. घाई असेल तर पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. दीड तासात उतरते. ओट्यावर दुपारभर उघडी ठेवून ‘आपोआप वितळेल’ म्हणणं पुण्याच्या एप्रिलमध्ये फार धोक्याचं.

घरी आणल्यावर

आधी नळाखाली धुवायचा मोह आवरा. कच्च्या चिकनवरून उडालेलं पाणी सिंक, ओटा आणि शेजारी वाळत घातलेल्या वाट्यांपर्यंत जंतू पोचवतं. पाण्याने जंतू मरत नाहीत, ते ओव्हनमध्ये मरतात. न धुता हात लागतच नसेल तर (आणि अनेक घरांत लागत नाही, मला ठाऊक आहे) पातेल्यात पाणी घेऊन अलगद बुडवून काढा, धार सोडू नका, आणि नंतर सिंक साबणाने घासून घ्या.

कातडीवर बारीक काळपट खुंट राहिलेले असतात, विशेषतः पंखांच्या टोकाशी आणि शेपटीपाशी. मोठे चिमट्याने ओढा. बाकीच्यांसाठी सांडशीत कोंबडी धरून गॅसच्या मोठ्या आचेवरून भराभर फिरवा. खुंट चुरचुरत जळून जातात. एका जागी धरून ठेवलं तर कातडी आकसून फाटते. वास येतो, एक्झॉस्ट लावा.

आता पोटात हात घाला. पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेला गडद लाल मऊ भाग बोटाने खरवडून काढा. तो राहिला तर रस कडवट होतो. तोंडाशी चरबीचे पिवळे गोळे असतात, तेही ओढून घ्या, पण फेकू नका. मग टिश्यू पेपरने आत-बाहेर टिपा. टिपा म्हणजे खरंच टिपा: काखेत, मांडीच्या खाचेत, पोटाच्या आत. पेपर ओला निघायचा थांबेपर्यंत.

मीठ, आणि एक रात्र

सातशे ग्रॅमच्या कोंबडीला बारीक मीठ सात ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा आणि वर चिमूटभर. त्यातलं थोडं पोटात, बाकीचं बाहेरून उंचावरून भुरभुरवा. छातीवर आणि मांड्यांवर जास्त, पंखांवर नावाला. मीठ आधी मांसातलं पाणी ओढून बाहेर आणतं, कातडीवर दव आल्यासारखं दिसतं. काही तासांनी तेच खारं पाणी परत आत मुरतं. एवढा वेळ देता आला की छातीचं मांस शिजूनही ओलसर राहतं.

काठ असलेल्या ताटात जाळी, जाळीवर कोंबडी, आणि झाकण न ठेवता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. बारा ते चोवीस तास. उघडी ठेवायची ती कातडी वाळावी म्हणून. सकाळी बोट लावून बघा, कातडी कागदासारखी कोरडी आणि किंचित पारदर्शक लागली पाहिजे. दूध, दही, कापलेली फळं वरच्या कप्प्यांत.

ज्या घरात सासूबाईंच्या फ्रीजमध्ये कच्चं चिकन चालत नाही, तिथे भाजायच्या तासभर आधी आणा, मीठ लावा, पाऊण तासाने बाहेर आलेलं पाणी नीट टिपा आणि दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. रात्रभराची सर येत नाही, पण काम भागतं.

वार बघून बेत ठरवा. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत बाद असतात. गुरुवारी कित्येक भागांत दुरुस्तीसाठी वीजही जाते, त्यामुळे तो वार ओव्हनच्या दृष्टीनेही वाईटच.

मसाला कातडीच्या खाली

लाल तिखट, काळा मसाला, वाटलेलं लसूण हे सगळं दोनशे अंशांवर करपतं. कोंबडी आत शिजायच्या आधी वरून काळी आणि कडू. शिवाय ओलं वाटण कातडीवर थापलं की ती भाजली जात नाही, वाफवली जाते. म्हणून वाटण कातडीखाली आणि कातडीवर फक्त तेल.

दोन कोंबड्यांसाठी: लसणाच्या सहा पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट, अर्धा चमचा मिरे. पाणी न घालता जाडसर वाटा. खलबत्त्यात उत्तम, मिक्सरमध्ये थांबून थांबून. त्यात पन्नास ग्रॅम मऊ लोणी आणि एका लिंबाच्या सालीचा वरवरचा किस मिसळा. घरचं पांढरं लोणी असेल तर आधी दाबून त्यातलं ताक काढा. विकतचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरणार असाल तर आदल्या रात्रीचं मीठ पाव भागाने कमी करा. लिंबाचा रस यात नको, तो शेवटी.

आता सगळ्यात नाजूक काम. कोंबडी पाठीवर झोपवा, तंगड्या तुमच्याकडे. पोटाच्या तोंडाशी कातडीची कड उचला आणि तर्जनी उताणी, म्हणजे नख खाली मांसाकडे आणि बोटाचा मऊ भाग वर कातडीकडे, अशी आत सरकवा. मध्ये एक पातळ पापुद्रा लागतो, तो अलगद सुटत जातो. छातीच्या मधल्या हाडावर कातडी घट्ट चिकटलेली असते, तिथे जोर लावला की फाटलीच. दोन्ही बाजूंनी मोकळी करत हाडाशी थांबा. पुढे बोट बाजूला वळवून मांडीपर्यंत न्या. अंगठ्या असतील तर आधी काढून ठेवा. तयार झालेल्या खिशात लोण्याचं वाटण चमच्याने सोडा आणि वरून कातडीवर तळहात फिरवत सारखं पसरवा. हिरवी झाक वरून दिसायला लागते.

लिंबाची उरलेली फोड आणि कोथिंबिरीचे देठ पोटात टाका. तंगड्यांची टोकं एकमेकांवर घेऊन सुती दोऱ्याने बांधा, फुलांच्या पुडीचा पांढरा दोरा चालतो, नायलॉनचा नाही. पंखांची टोकं मानेमागे मुडपा. कातडीला शेंगदाण्याचं तेल चोळा, अगदी पातळ.

पोटात भरायचंच असेल तर

एवढ्याशा कोंबडीच्या पोटात जेमतेम अर्धी-पाऊण वाटी मावते. आंबेमोहोराचा शिजलेला मऊ भात याला फार छान. तो चिकट असल्यामुळे कापताना सांडत नाही. कांदा परतून त्यात बारीक चिरलेली कलेजी दोन मिनिटं परता, भाजलेले दाणे, मिरीपूड, मीठ आणि भात. गरम असतानाच भरा आणि लगेच ओव्हनमध्ये ढकला. भरून तासभर ठेवायचं नाही. भरलेल्या कोंबडीला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात आणि मधला भातही ७४ अंशांपर्यंत तापायला हवा.

ओटीजीत

तीस लिटरच्या आसपासच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, दोन कोंबड्या शेजारी शेजारी बसतात, मध्ये दोन बोटं जागा ठेवून. दोन्ही सळया चालू, २२० अंश, आणि पूर्ण वीस मिनिटं रिकामा तापू द्या. दिवा विझला म्हणजे तापला असं नव्हे. प्लग मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा.

ट्रेमध्ये खाली कांद्याच्या जाड चकत्या आणि बटाट्याचे अर्धे तुकडे पसरा. तळेगाव-मंचरकडचे बटाटे मिळाले तर सालीसकट. वरून गळणारी चरबी त्यांच्यात जिरते आणि खरं सांगायचं तर घरातली मुलं आधी बटाटेच संपवतात. सुरुवातीला काढून ठेवलेले चरबीचे गोळे इथेच टाका.

छाती वर ठेवून पहिली वीस मिनिटं २२० अंशांवर. मग १९० अंशांवर आणून आणखी पंचवीस ते तीस. ट्रे खालच्या खाचेत ठेवा, कारण लहान ओटीजीत वरची सळई फार जवळ येते. पस्तिसाव्या मिनिटाला बघा. छाती पुरेशी तांबूस झाली असेल तर तेवढ्यावरच फॉइलचा तुकडा अलगद टाका. आतला पंखा चालू असलेला ओव्हन असेल तर दोन्ही आकडे वीस अंशांनी कमी. दर पाच मिनिटांनी दार उघडून बघणाऱ्यांची कोंबडी उशिरा होते.

झाली हे ओळखायची खात्रीची खूण थर्मामीटर. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश. थर्मामीटर नसेल तर त्याच जागी सुरी टोचा, रस स्वच्छ यायला हवा. तंगडी सांध्यात सैल हलते. कानही द्या: आधी ट्रेमधून फडफड असा ओला आवाज येतो, पाणी आटून नुसती चरबी राहिली की तो बारीक, सलग चुरचुरीवर येतो. पण तरुण कोंबडीच्या हाडाजवळचं मांस कधीकधी पूर्ण शिजूनही गुलाबीच दिसतं, म्हणून रंगापेक्षा अंशांवर विश्वास ठेवा.

बाहेर काढून दहा मिनिटं तशीच ठेवा. झाकू नका, वाफेने कातडी मऊ पडेल आणि रात्रभराची मेहनत वाया.

ओव्हन नसेल तर

मला विचाराल तर लोखंडी तव्यावरची कातडी ओटीजीपेक्षा सरस होते. कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढा, कोंबडी पुस्तकासारखी उघडा आणि छातीच्या हाडावर तळहाताने जोरात दाबा. ‘कट्’ आवाज आला की ती सपाट बसते. जाड तवा मध्यम आचेवर तापवून दोन चमचे तेल, कातडी खाली, वर फॉइल आणि फॉइलवर पाण्याने भरलेलं सपाट बुडाचं पातेलं. आच मंदावून वीस मिनिटं हात लावायचा नाही. कातडी तयार झाली की तवा स्वतःहून सोडतो. चिकटली असेल तर अजून व्हायची आहे. उलटून, वजन न ठेवता, बारा-पंधरा मिनिटं. तपासणी तीच, ७४ अंश.

एअर फ्रायरच्या टोपलीत एकच मावते. १८० अंशांवर आधी छाती खाली करून वीस मिनिटं, मग उलटून पंधरा ते वीस.

आणि दुकानदाराने कातडी काढूनच टाकली असेल तर वाद घालत बसू नका, बेत बदला. मांड्यांवर खोल चिरा द्या, घट्ट बांधलेलं दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मोहरीचं तेल लावून चार तास मुरवा आणि तंदुरीसारखी भाजा. कोरड्या कातडीचे नियम तिला लागू नाहीत.

रस, आणि कापणं

कोंबडी ओव्हनमध्ये असताना मान, पेटा आणि कणा काढला असेल तर तो, हळद-मीठ घालून दोन वाट्या पाण्यात अर्धा तास उकळा. हे आपलं नेहमीचं अळणी. कोंबडी विसाव्याला ठेवली की बटाटे बाजूला काढा, ट्रेमधली जास्तीची चरबी वाटीत ओता आणि तळाला चिकटलेल्या तपकिरी थरावर वाटीभर अळणी घालून उलथन्याने खरवडा. छोट्या कढईत ओतून निम्मं आटवा, शेवटी लिंबू पिळा. पीठ लावून दाट करायची गरज नाही.

जाड सुरीने छातीच्या हाडालगत खाली दाबत दोन भाग करा. अमेरिकी पद्धतीने माणशी एक लागते. आपल्याकडे बटाटे, भाकरी नाहीतर बेकरीचा ताजा पाव आणि कांद्याची दह्यातली कोशिंबीर सोबत असली की अर्धी पुरते. दोन कोंबड्यांत चार माणसं नीट जेवतात. काटे-सुरी मांडायची हौस असेल तर मांडा, तंगडी शेवटी हातातच येते.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. मांस सोडवून दुसऱ्या दिवशीच्या पुलावात घाला, किंवा वाटीत ओतलेल्या त्या चरबीत कांदा परतून वर अंडी फोडा आणि त्यात टाका. हाडं कुकरमध्ये, बुडतील एवढं पाणी, चार मिरे, दोन शिट्ट्या.